मंजूर भार

जेल रोडच्या त्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर,
काउंटरवर दोन खोकी,
बुटांच्या खोक्यांहून लांब,
आणि शाल्मली आळीपाळीनं दोघांकडे बघतेय
जशी तिची आत्या स्थळं बघायची:
याची उंची बरी, त्याचा पगार.

एकात सोळा जीबी, दुसऱ्यात चोवीस.
कशाचे, मी विचारलं.
मेमरीचे, बाबा.
मग आठ मला दे, म्हटलं, चष्मा कुठे ठेवला ते आठवायला.
ती हसली नाही. ती हिशेबात होती.

कासलीवालांचा पोरगा माझ्या केसांचा मान राखून सांगतो,
अंकलजी, ये वाला तो उजाले की एक-एक किरण गिनता है.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीही तेच मोजलं,
फक्त युनिटमध्ये,
आणि लोक भांडायला यायचे.

मला खोक्यावरचं एकच कळलं,
कडेला, बारीक अक्षरांत:
याला चारशे पन्नास वॅट, त्याला तीनशे वीस.
म्हणजे जवळजवळ एक मिक्सर
रात्री दहापासून दोनपर्यंत फिरणारा,
आणि चटणी नाही.
किंमत मी दोनदा विचारली,
पहिल्यांदा ऐकू आली नाही असं दाखवून.
पैसे तिचे. बावीस महिने साठवलेले.
स्कूटीचं सीट फाटलंय, त्यावर पिशवी बांधून जाते ऑफिसला.

मग त्यानं दोन पडदे लावले.
एकच गल्ली, एकच रात्र,
एकच माणूस पाठमोरा पळणारा.
सांगा बाबा, कुठलं चांगलं?
डावीकडे डबक्यात नुसता उजेड.
उजवीकडे डबक्यात दुकानाची पाटी, उलटी,
अक्षरं थरथरणारी,
आणि पाटीवरून गेलेली
तार.

थांब, म्हटलं. त्याला थांबव.
वर बघायला सांग.

खांब होता.
तीन फेज, खाली न्यूट्रल.
तारेला झोळ बरोब्बर, मेमधल्या दुपारी असतो तेवढा.
कुठल्या तरी देशात कुणीतरी बसून
पळणारा माणूस कधीच बघणार नाही असा तो झोळ
नीट काढला होता.
मला त्याचं नाव विचारावंसं वाटलं.

इन्सुलेटर मात्र उलटे.
चिनी मातीच्या वाट्या उपड्या हव्यात,
या सुलट्या बसवल्यात, पाणी साचेल,
ठिणगी पडेल, अख्खी गल्ली अंधारात जाईल.
कासलीवालांचा पोरगा हसला.
शाल्मली पडद्याजवळ गेली, नाक टेकेल इतकी,
म्हणाली, कसे उलटे? दाखवा.
मी दाखवत राहिलो.
मागे थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांनी
शेवटी खुर्च्या ओढून घेतल्या.

अडलं ते भलतीकडेच.
घरून कागदावर माप आणलं होतं तिनं:
कॅबिनेटमध्ये जागा एकतीस सेंटीमीटर.
मोठं कार्ड तेहतीस.
दोन महिने रात्र रात्र तुलना,
आणि गाडी थांबली दोन बोटांवर.
उद्या सांगते भिया, ती म्हणाली,
जे इंदुरात कुणीही कशालाही म्हणतं.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर सिग्नल लागला.
मागे बसून मी सवयीनं वर पाहिलं.
तिनंही पाहिलं.
उपड्या आहेत, ती म्हणाली.
एवढंच. मग हिरवा झाला.

ती मोठं घेईल की लहान, मला ठाऊक नाही.
नवं कॅबिनेट घेईल, की आणखी सहा महिने थांबून
तिसरंच काही येईल.
माझ्या हातात जे होतं ते मी केलं.
सोमवारी झोन ऑफिसात गेलो,
बिलाची झेरॉक्स जोडली,
मंजूर भार दोन किलोवॅट, त्याचा तीन करून द्यावा.
कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ तसाच राहिला.

खिडकीतला नवा पोरगा, मला न ओळखणारा, म्हणाला,
एसी लगवा रहे हो, भाऊसाहब?
हो म्हटलं.